उंचीला तालीम हवी

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी परिचित आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम म्हटले की लाल मातीचा हौद, घुमणारे दंड आणि वस्तादाचा करडा आवाज डोळ्यांपुढे येतो. आमच्या या नगरीत तालीम म्हटले की तंबोऱ्याच्या सुरात पहाटे लावलेला खर्ज आठवतो. वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी विद्या येथून महाराष्ट्रात नेली, ती तालमीचीच विद्या होती. शब्दाचे अर्थ दोन असले, तरी मुळाशी कल्पना एकच आहे. निसर्गाने गळा दिला एवढ्याने कोणी गवई होत नाही, आणि अंगपिंड दिला एवढ्याने कोणी मल्ल होत नाही. मधे काही वर्षे घालावी लागतात. ती कोणाच्या तरी नजरेखाली घालावी लागतात.

हाच विचार आज एका निराळ्या क्षेत्राच्या संदर्भात मांडावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे बास्केटबॉलचा खेळ; आणि त्यातील प्रश्न असा की, असामान्य उंचीचा परंतु खेळात अगदी कच्चा असा पोरसवदा मुलगा हाती आला, तर त्याच्यातून व्यावसायिक दर्जाचा खेळाडू कसा घडवावा? प्रश्न परदेशातला वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या प्रत्येक मोठ्या शाळेत शेवटच्या बाकावर एखादा असा मुलगा असतो की ज्याचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत. येणारा-जाणारा त्याला म्हणतो, “अरे, एवढा उंच आहेस, बास्केटबॉल का खेळत नाहीस?” जणू काही उंची हीच विद्या! या प्रश्नाला शास्त्राचे आणि अनुभवाचे उत्तर काय आहे, ते पाहू.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. हिवाळ्यामुळे मैदाने बंद होती आणि तरुण विद्यार्थ्यांना कोंडल्यासारखे झाले होते. सभागृहाच्या सज्जाचा कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. नेस्मिथ यांनी त्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर लागली, आणि आज जगभर लोखंडी कडे त्याच उंचीवर आहे. हिंदुस्थानात हा खेळ रुजला तोही मुख्यतः वाय. एम. सी. ए.च्या द्वारे, १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो शाळाशाळांतून नेला. १९८० साली मॉस्को येथे भारताचा संघ ऑलिंपिकमध्येही खेळला.

आता कडे दहा फुटांवर आणि खेळाडू सात फुटांचा, तेव्हा त्याने हात वर केला की कडे जेमतेम वीतभर वर राहते. इतरांनी उडी मारून जे साधायचे ते त्याला टाचा उचलून साधते. याचा लाभ उघड आहे. परंतु नियम करणाऱ्यांनाही तो दिसत होता, आणि म्हणून या खेळाच्या नियमांचा इतिहास म्हणजे नुसत्या उंचीचा लाभ हळूहळू कमी करीत नेण्याचा इतिहास आहे. टोपलीपुढे रंगवलेली एक चौकट असते. प्रतिपक्षाच्या त्या चौकटीत तीन सेकंदांहून अधिक काळ ठाण मांडता येत नाही. कड्याकडे खाली येणारा चेंडू मधेच अडवता येत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेत ही चौकट पूर्वी सहा फूट रुंद होती. ती १९५१ साली बारा फूट झाली आणि १९६४ साली सोळा फूट. चौकट रुंदावली की उंच माणसाला टोपलीपासून दूर उभे राहावे लागते, आणि दूर गेला की त्याला चालावे, वळावे, चेंडू हाताळावा लागतो. अर्थात त्याला खेळ यावा लागतो.

येथेच अडचण सुरू होते. वाढत्या वयाच्या उंच मुलाचे शरीर त्याच्या आज्ञेत नसते, आणि हा त्याचा दोष नव्हे. तेरा ते पंधरा या वयात मुलाची उंची झपाट्याने वाढते. एका वर्षात तीन-चार इंच हे सामान्य मुलाचे मान, मग असामान्य मुलाचे विचारायलाच नको. त्यातही आधी हातपाय लांबतात, मग धड वाढते आणि स्नायूंचे बळ त्यामागून, बऱ्याच महिन्यांनी येते. मेंदूने गतवर्षी ज्या लांबीच्या पायाचा हिशेब बसवला होता, तो पाय यंदा निराळाच असतो. मुलगा अडखळतो, त्याच्या हातून वस्तू पडतात, आणि घरचे त्याला धांदरट म्हणतात. वस्तुतः तो धांदरट नसतो. नव्या घरात अंधारात वावरणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती असते.

दुसरी गोष्ट वजनाची. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक साधा हिशेब सांगितला आहे. आकृती तीच ठेवून शरीर मोठे केले तर वजन घनाच्या प्रमाणात वाढते, पण हाडाचा छेद वर्गाच्याच प्रमाणात वाढतो. पाच फूट आठ इंचांचा माणूस त्याच बांध्याने सात फूट दोन इंचांचा झाला, तर त्याचे वजन दुपटीहून किंचित अधिक होईल. त्याच्या हाडांचा छेद मात्र सुमारे १.६ पटच होईल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे सव्वापट भार पडणार. हा माणूस कठीण फरशीवर धावणार, उड्या मारणार आणि त्या सर्व भारानिशी खाली येणार. चीनचा याओ मिंग सात फूट सहा इंच उंचीचा, कसबी आणि मेहनती खेळाडू. २००२ सालच्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर घेतला गेला, पण पायाच्या हाडाला वारंवार पडणाऱ्या सूक्ष्म चिरांनी त्याला २०११ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्त व्हावे लागले. तेव्हा उंच मुलाला घडवणाऱ्याने त्याला किती खेळवावे याइतकाच, त्याला कधी थांबवावे याचाही विचार केला पाहिजे.

आता हे घडवणे प्रत्यक्षात कसे झाले, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण सांगतो. जॉर्ज मायकन हा इलिनॉय राज्यातील जोलिएट गावचा मुलगा. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, चाल बेंगरूळ. धर्मगुरू व्हावे या हेतूने तो काही काळ शिकागोच्या एका पूर्वतयारीच्या सेमिनरीतही शिकला होता. १९४२ साली तो शिकागोतीलच डीपॉल या कॅथलिक विद्यापीठात आला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी रे मेयर नावाचा तरुण प्रशिक्षक तेथे नव्यानेच रुजू झाला होता. त्या काळी इतका उंच माणूस हा खेळाच्या उपयोगी नाही, असाच जाणत्यांचा समज होता. वेगवान खेळात हे ओझे कोण वागवणार!

मेयर यांनी या ओझ्याला चेंडूच्या आधी दोरी दिली. मायकन दोरीवरच्या उड्या मारू लागला. मग मुष्टियुद्धातल्यासारखे हवेत ठोसे मारणे आले, जेणेकरून पाय हलके पडावेत. एका विद्यार्थिनीकडून त्याला नृत्याचे धडे देवविले. कारण नृत्यात पावलाला तालाचे भान येते आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे न्यावे ते कळते. आणि यांच्या जोडीला एक साधा पाठ दिला. टोपलीखाली उभे राहायचे. डाव्या पायावर उडी घेऊन उजव्या हाताने उजव्या बाजूने चेंडू टाकायचा. तो जाळीतून पडताच जमिनीला टेकू न देता झेलायचा. लगेच उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हाताने डाव्या बाजूने टाकायचा. पुन्हा उजवीकडून, पुन्हा डावीकडून, शेकडो वेळा. हा पाठ आज जगभर मायकनच्याच नावाने ओळखला जातो, आणि मिनी बास्केटबॉल खेळणारी आठ वर्षांची मुलेही तो गिरवतात. आपल्या गायकाने सकाळी अलंकार घोटावेत, तसाच हा प्रकार.

फळ काय मिळाले? १९४५ साली न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत डीपॉल विजयी झाले. उपान्त्य सामन्यात एकट्या मायकनचे गुण ५३, आणि संपूर्ण प्रतिस्पर्धी संघाचेही गुण ५३. पुढे मिनियापोलिस लेकर्स संघाने १९४९ ते १९५४ या काळात पाच विजेतेपदे मिळवली, ती त्याच्याच बळावर. ती चौकट सहा फुटांवरून बारा फुटांवर नेली गेली, तिला कारण हाच. परंतु मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. मायकनने खेळत असतानाच कायद्याची पदवी घेतली आणि मैदान सोडल्यावर तो वकिली करू लागला. रे मेयर यांनी त्याला मैदानासाठी घडवले, विद्यापीठाने त्याला त्यानंतरच्या आयुष्यासाठी घडवले. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मायकननंतर अनेक प्रशिक्षकांनी या विद्येत भर घातली. कॅलिफोर्नियाचे पीट न्यूवेल यांनी १९७६ पासून केवळ उंच खेळाडूंसाठी उन्हाळी वर्ग चालवले आणि त्यांत भर दिला तो पायांवर. या सर्वांच्या अनुभवातून एक क्रम सिद्ध झाला आहे. प्रथम पाय. एक पाऊल जमिनीत रोवून दुसऱ्याने फिरावे कसे, पाठीशी प्रतिस्पर्धी रेटत असता गुडघे वाकवून बूड खाली कसे ठेवावे, वळताना तोल कोठे असावा, हे आधी. आपल्याकडील वस्तादही पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवीत नाही. माती उकरायला लावतो, बैठका काढवतो आणि पवित्र्यात उभे राहायला शिकवतो. कारण उंच माणसाचा भारमध्य वर असतो आणि त्याला हलवणे सोपे जाते. सात फुटांचा मुलगा ताठ उभा राहिला की साडेसहा फुटांचा खेळाडू त्याला कमरेशी रेटून सहज बाजूला सारतो.

त्यानंतर हात. गर्दीत आलेला चेंडू दोन्ही हातांनी पकडणे आणि पकडल्यावर तो खाली न आणणे. ही दुसरी सूचना ऐकायला क्षुल्लक वाटते, पण कच्च्या उंच खेळाडूची सर्वांत मोठी चूक तीच. चेंडू छातीपर्यंत खाली आणला की त्याची उंची व्यर्थ गेली. खालचे चपळ हात तो हिसकावून नेतात. तिसरी गोष्ट दृष्टीची. कोणता सोबती मोकळा आहे, प्रतिपक्षाचा कोणता खेळाडू आता कोठून शिरणार, परतलेला चेंडू कड्याच्या कोणत्या बाजूने उसळेल, हे आधी ताडणे. हे सामने खेळूनच येते, आणि म्हणून बाकावर बसवून ठेवलेला उंच मुलगा शिकत नाही. बळ वाढवण्याचा व्यायाम या सर्वांबरोबर चालतो, पण हाडे पक्की होईपर्यंत बेताबेताने. सर्वसाधारण खेळाडूला जे अठराव्या वर्षी येते ते या मुलाला बावीस-तेविसाव्या वर्षी येते. घडवणाऱ्याजवळ धीर हवा, आणि धीर धरण्याइतका वेळ व पैसाही हवा.

क्वचित दुसऱ्या खेळाची पुंजी उपयोगी पडते. नायजेरियाच्या लागोस शहरातील हकीम ओलाजुवान पंधरा वर्षांचा होईतो हँडबॉल खेळे आणि फुटबॉलमध्ये गोल राखी. बास्केटबॉल त्याने उशिरा हाती घेतला. पण गोलरक्षकाची झटपट पावले त्याच्यापाशी आधीच होती. १९८० साली तो ह्यूस्टनच्या विद्यापीठात आला तेव्हा पहिले वर्षभर त्याला सामन्यात उतरवलेच नाही. उन्हाळ्यात तो गावातल्या सार्वजनिक व्यायामशाळेत मोझेस मलोन या त्या काळच्या जबरदस्त व्यावसायिक खेळाडूशी झुंजे आणि धक्के खाई. १९८४ साली पहिल्या क्रमांकाने त्याची निवड झाली. १९९४ आणि १९९५ साली ह्यूस्टनचा संघ विजेता ठरला. विद्यापीठ, वर्षभराचा धीर आणि दररोज अंगावर घ्यायला आपल्याहून थोर खेळाडू, या तीन गोष्टी त्याला लाभल्या.

आता आपल्या देशातील उदाहरणाकडे वळू. पंजाबातील बरनाला जिल्ह्यात बल्लो के नावाचे एक लहान खेडे आहे. तेथे १९९५ सालच्या डिसेंबरमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी सतनाम सिंग जन्मला. वडीलही सात फुटांहून उंच. दहा वर्षांच्या आतबाहेर असताना मुलाची उंची पाहून त्याला खेळाकडे वळवले गेले, आणि तो लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला. तेथे डॉ. एस. सुब्रमण्यम या ज्येष्ठ प्रशिक्षकांनी पंजाबच्या खेड्यापाड्यांतील उंच मुले हेरून अनेक खेळाडू घडवले होते. २०१० साली, चौदा वर्षांचा असताना, सतनामला शिष्यवृत्ती मिळाली आणि आणखी काही भारतीय मुलामुलींसह तो अमेरिकेत फ्लोरिडामधील आय. एम. जी. अकादमीत गेला. पंजाबी बोलणारा मुलगा. इंग्रजी जवळजवळ शून्य. मैदानावर काय सांगताहेत ते कळायला आधी भाषा शिकायची, आणि वर्गात काय शिकवताहेत ते कळायलाही.

पाच वर्षे गेली. महाविद्यालयाच्या मार्गात भाषेची आणि अभ्यासाची अडचण होती. म्हणून तो मार्ग सोडून त्याने थेट व्यावसायिक निवडीसाठी नाव दिले. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतले. भारतात जन्मलेला खेळाडू अमेरिकेच्या त्या संघटनेच्या निवडीत प्रथमच आला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, कॅनडात जन्मलेला सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा तरुण सॅक्रामेंटोकडून मैदानात उतरला होता. सर्व देशात आनंद झाला, आणि तो योग्यच होता. सात फूट दोन इंचांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. आता काय उणे राहिले, असे पुष्कळांना वाटले.

उणे राहिले ते असे. मॅव्हरिक्सनी त्याला आपल्या दुय्यम संघाकडे, टेक्सस लेजंड्सकडे, पाठवले. तेथे दोन हंगामांत त्याला फार थोडी मिनिटे खेळायला मिळाली. मुख्य संघाच्या साखळी सामन्यात तो एकदाही उतरला नाही. २०१७ साली तो भारतात परतला, पुढे कॅनडातील एका संघाकडूनही खेळला. २०२० साली उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. २०२१ साली त्याने ऑल एलिट रेसलिंग या अमेरिकन कंपनीशी करार केला, आणि २०२२ पासून तो तिच्या कुस्तीच्या खेळांतून लोकांपुढे येऊ लागला. मातीतल्या कुस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां मराठी लोकांना हे वाचून जरा चमत्कारिक वाटेल. पण आपल्या देहाच्या आधाराने माणूस प्रामाणिकपणे पोट भरत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग दोष कोणाचा? मला वाटते, एकट्या कोणाचाच नाही; अनेक कारणे एकत्र आली. पहिले कारण काळाचे. ज्या जून महिन्यात सतनामची निवड झाली, त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने विजेतेपद मिळवले, आणि ते मिळवताना अंतिम मालिकेच्या उत्तरार्धात आपल्या सात फुटी खेळाडूला बाकावर बसवून ठेंगण्या, चपळ खेळाडूंना उतरवले. तीन गुणांच्या दूरच्या फेकीने खेळाचे रूपच पालटले होते. आता उंच खेळाडूला टोपलीपाशी उभे राहून भागत नव्हते. बाहेर येऊन चपळ गड्याला अडवायचे आणि दुरून फेकही साधायची. सतनाम ज्या घडणीचा खेळाडू होता, त्या घडणीची मागणी त्याच सुमारास ओसरत होती. दुसरे कारण पायाचे. रोज तोडीच्या खेळाडूंशी झुंजण्याची जी संधी ओलाजुवानला ह्यूस्टनमध्ये मिळाली, ती पंजाबातल्या मुलाला चौदाव्या वर्षांपर्यंत मिळणे कठीणच होते. तिसरे कारण वर्गातले आहे, आणि शिक्षक म्हणून माझे लक्ष त्याकडे अधिक जाते. ज्या मुलाची उंची दहाव्या वर्षीच साऱ्यांना दिसली, त्याच्या वहीकडे किती जणांनी पाहिले? मायकन आणि ओलाजुवान यांना विद्यापीठात जी वर्षे मिळाली, ती चुका करण्याची, शिकण्याची वर्षे होती. पुस्तकाचा दरवाजा बंद झाला, तेव्हा मैदानाचाही एक दरवाजा त्याच्याबरोबर बंद झाला.

याला उत्तर म्हणून निकोला योकिचचे नाव घेता येईल. सर्बियाचा हा सुमारे सात फुटांचा तरुण २०१४ साली एकेचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. तो ना फार वेगवान, ना फार उंच उडी मारणारा. पण चेंडू कोठे द्यावा याची समज त्याला लहानपणापासून मिळाली होती. निवडीनंतरही आणखी एक वर्ष तो आपल्या देशातील संघातच खेळत राहिला. २०२१, २०२२ आणि २०२४ या वर्षी तो संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या खेड्यापाड्यांच्या देशात जे आहे आणि आपल्याकडे जे विरळ आहे, ते म्हणजे गावोगावचे मंडळ आणि त्यात लहान मुलांना समजून शिकवणारा प्रशिक्षक.

सतनामनंतर वाट मात्र थोडी रुंद झाली. २०१७ साली ग्रेटर नोएडा येथे अमेरिकन संघटनेची अकादमी सुरू झाली. गुरदासपूर जिल्ह्यातील प्रिन्सपाल सिंग हा मूळचा व्हॉलीबॉल खेळणारा मुलगा लुधियाना, नोएडा आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा अशा पायऱ्यांनी वर चढला आणि २०२१ साली सॅक्रामेंटोच्या उन्हाळी स्पर्धेतील विजयी संघात होता. मुलींचेही उदाहरण आहे. केरळची सहा फूट दोन इंचांची गीतू ॲना जोस हीसुद्धा व्हॉलीबॉलकडून या खेळाकडे वळली, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक सामने खेळली, आणि २०११ साली अमेरिकेतील संघांच्या चाचण्यांसाठी तिला बोलावणे आले. उंच मुलीला लग्नाच्या बाजारातील अडचण समजणाऱ्या समाजात हे उदाहरण आईबापांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि येथे आमच्या ग्वाल्हेरचा संबंध येतो. १८५७ च्या संग्रामाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९५७ साली, झाशीच्या राणीच्या नावाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. ज्या नगरीत राणीने देह ठेवला, तेथेच हे स्मारक उभे राहिले. १९९५ पासून त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. या संस्थेचे मुख्य काम विजेते घडवणे हे नव्हे; विजेते घडवणारे शिक्षक घडवणे हे आहे. हाडांची वाढ, स्नायूंचे बळ, तोल, आहार, विश्रांती यांचे जे शास्त्र वर थोडक्यात सांगितले, ते शिकून दरवर्षी तरुण-तरुणी येथून देशभरच्या शाळांत जातात. पण शाळेत गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय येते? पुष्कळ ठिकाणी कवायतीचा तास गणिताला दिला जातो, आणि क्रीडाशिक्षकाला परीक्षेच्या दिवशी बाके मांडायला लावतात. असे असता उंच मुलगा हेरणार कोण, आणि हेरला तरी दहा वर्षे सांभाळणार कोण?

शुभवर्तमानात धन्याने परदेशी जाताना सेवकांच्या हवाली केलेल्या द्रव्याचा एक दृष्टांत आहे. एकाने ते भीतीने जमिनीत पुरून ठेवले. आपण त्या दृष्टांताचा अर्थ नेहमी असा लावतो की, ज्याला देणगी मिळाली त्याने ती वाढवावी. मला येथे दुसराही अर्थ दिसतो. मूल हेच ते द्रव्य, आणि आपण, म्हणजे आईबाप, शिक्षक आणि प्रशिक्षक, ते सेवक आहोत. हिशेब आपल्याला द्यायचा आहे. उंच मुलाला शेवटच्या बाकावर विसरणे म्हणजे द्रव्य पुरून ठेवणे. आणि त्याची केवळ उंची तेवढी खर्चून बाकीचा मुलगा रिता ठेवणे, हाही त्या द्रव्याचा अपव्ययच.

तेव्हा आपल्या शाळेत असा मुलगा वा मुलगी दिसली, तर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. त्याच्या चालण्याला हसू नये, इतरांनाही हसू देऊ नये. वर्षातून दोनदा त्याची उंची मोजून नोंदवावी, आणि ती झपाट्याने वाढत असेल तेव्हा उड्यांचे प्रमाण कमी करावे. गुडघा किंवा पाऊल दुखते असे तो म्हणाला, तर त्याला आळशी न म्हणता डॉक्टरांकडे पाठवावे. चेंडूच्या आधी दोरी द्यावी. पोहणे, व्हॉलीबॉल, हँडबॉल, जे मिळेल ते खेळू द्यावे. डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. आणि त्याची भाषा व गणित मागे पडत असेल, तर संध्याकाळी अर्धा तास त्याच्यापाशी बसावे. कारण शंभरातील नव्याण्णव उंच मुले व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, आणि शंभरावा झाला तरी पस्तिशीनंतर त्यालाही दुसरे काहीतरी करायचेच आहे.

ग्वाल्हेरच्या जुन्या गायकांकडे शिष्य गेला, तर तो गवई होईलच अशी हमी कोणी देत नसे. पण जो काही वर्षे तेथे बसला, तो निदान चांगला ऐकणारा होऊन परत येई. मैदानाच्या तालमीकडूनही आपण एवढी अपेक्षा करावी: तेथे गेलेला उंच मुलगा खेळाडू झाला तर उत्तमच, न झाला तरी सरळ चालणारा, निरोगी आणि शिकलेला माणूस होऊन बाहेर यावा.